कारखान्याच्या दारातच माणुसकी का थांबते?

दरवर्षी 3 जानेवारीला आपल्यापैकी अनेकजण नायगावला जातात. शिरवळहून नायगाव ते किती लांब! 1831 साली सावित्रीबाई फुले यांचा जन्म तेथे झाला, हे आपण प्राथमिक शाळेपासून ऐकत आलो आहोत. 1848 नंतर पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवायला जाताना त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला जाई, म्हणून त्या बरोबर जादा लुगडे नेत, हेही दरवर्षीच्या भाषणात येते. आपण टाळ्या वाजवतो आणि परत येतो.

परंतु या प्रसंगाकडे जरा वेगळ्या दृष्टीने पाहावे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. सावित्रीबाई त्या वाटेने देवदर्शनाला जात नव्हत्या. कामाला जात होत्या. शेण फेकणाऱ्यांना त्यांना कामावरून काढण्याचा अधिकार नव्हता. म्हणून त्यांनी दुसरा उपाय योजला. अपमान इतका करायचा की बाईने आपण होऊन काम सोडावे! मित्रहो, ही युक्ती जुनी झालेली नाही. फक्त आता ती रस्त्यावर नव्हे, तर कारखान्याच्या दाराआड वापरली जाते, आणि शेणाऐवजी शब्द वापरले जातात.

नीरा नदीचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो आणि आपले शिरवळ लागते. पुणे-बंगळूर महामार्गाच्या दोन्ही अंगांना आणि पलीकडे केसुर्डीच्या औद्योगिक वसाहतीत गेल्या काही दशकांत कारखाने उभे राहिले. त्यांत नावाजलेल्या मोठ्या कंपन्या आहेत, तसेच शेदोनशे माणसे कामाला असणारे मध्यम कारखानेही आहेत. आपल्या वर्गातील निम्मी मुले-मुली पदवीनंतर, किंबहुना पदवीच्या आधीच, यांतल्याच कुठल्यातरी गेटवर उभी राहणार आहेत. म्हणून हा विषय आपला आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मीही ठेकेदारामार्फत अशाच एका कारखान्यात पॅकिंगला होतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. ते कुठलेही असू शकले असते. आमच्या लाइनवर मराठवाड्यातून आलेला एक माणूस होता. वय तिशीचे, हात अतिशय चलाख, पण बोलताना अडखळायचा. शिफ्ट संपताना प्रत्येकाने आपल्या पेट्यांचा आकडा सुपरवायझरला सांगायचा असे. आकडा कागदावर लिहून देता आला असता. पण सुपरवायझर तो त्याच्याकडून मुद्दाम मोठ्याने वदवून घेई. एके दिवशी आकडा होता चौऱ्याहत्तर. तो ‘चौ... चौ...’ करीत राहिला. “बोल की लवकर! आकडा घशात अडकला व्हय?” असे सुपरवायझर म्हणाला आणि सारी लाइन हसली. दुसऱ्या दिवसापासून त्याचे नावच ‘चौऱ्याहत्तर’ पडले. आठव्या दिवशी तो आला नाही. राहिलेला पगार मागायलाही आला नाही.

हसणाऱ्यांत मी होतो. हे लिहिल्यावाचून पुढचे काही लिहिण्याचा मला अधिकार नाही.

मी का हसलो? मी दुष्ट आहे असे मला वाटत नाही. खरे कारण असे की माझा गेटपास त्याच सुपरवायझरच्या हातात होता. उद्या कामावर घ्यायचे की ‘आज माल नाही’ म्हणून परत पाठवायचे, हे तोच ठरवी. कायम नोकरी नसलेल्या माणसाला गप्प बसवायला वेगळी धमकी लागत नाही. छळ करणारा एकच असतो. पण त्याच्या भोवती घाबरून हसणारी पन्नास माणसे असतात, आणि त्या हसण्यावरच त्याचे चालते.

हा छळ मालकच करतो असेही नाही. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारा आहे. गिरण्यांत विणकाम खात्याला पगार चांगला असे. पण त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय, तर कांडीच्या सुताचे टोक धोट्यातून तोंडाने ओढून काढावे लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आपल्या तोंडाला लावायला सवर्ण कामगार तयार नव्हते. हा नियम मालकांच्या कागदावरचा नव्हता. तो खांद्याला खांदा लावून संप करणाऱ्या कामगारांचा होता! 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोकपणे मांडला. ज्यांचे बालपण साताऱ्यात गेले, ज्यांनी 1900 साली साताऱ्याच्याच शाळेत नाव घातले, त्या बाबासाहेबांना हा अनुभव ऐकीव नव्हता. परदेशातील पदव्या घेऊन बडोद्याच्या नोकरीत रुजू झाल्यावर त्यांच्या हाताखालचे शिपाई त्यांच्या टेबलावर दुरून फायली टाकीत. अधिकार मोठा असला तरी छळ होतो, आणि हुद्द्याने लहान असलेलाही छळ करू शकतो, एवढे यावरून दिसते.

आज धोटा तोंडाने ओढावा लागत नाही. परंतु नवा माणूस लाइनवर आला की पहिला प्रश्न ‘नाव काय?’ आणि दुसरा ‘आडनाव काय?’ असाच असतो. उत्तर ऐकून डबा कुठे उघडायचा ते ठरते. बिहार-ओरिसाकडच्या कामगाराला नाव असतच नाही. तो ‘भैया’ असतो. बाई मशीनवर हुशार निघाली तर तिची बढती कशी झाली, याची चर्चा कँटीनमध्ये होते. शिक्षणाने हे आपोआप जाते, हाही एक भ्रमच. 2019 साली मुंबईच्या एका नामांकित रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील तरुण डॉक्टरने आत्महत्या केली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या कुटुंबीयांनी केला आणि त्यावरून खटला उभा राहिला. तेथे तर सारेच उच्चशिक्षित होते.

आता कोणी विचारील, कायदे नाहीत का? आहेत; आणि त्यांतले काही मोठी किंमत देऊन मिळाले आहेत. 1992 साली राजस्थानातील भंवरीदेवी या ग्रामपातळीवरील कार्यकर्तीने बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला, आणि त्याचा सूड म्हणून तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून पुढे आलेल्या विशाखा खटल्यात 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ती पाळली जात नाहीत म्हणून पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांना न्यायालयात जावे लागले. त्या प्रकरणाचा निकाल 2012 साली लागला. 2013 साली संसदेने कायदा केला. म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांपासून कायद्यापर्यंत 16 वर्षे लागली!

या कायद्याप्रमाणे 10 किंवा अधिक माणसे काम करीत असतील तेथे अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री हवी, निम्म्या तरी सभासद स्त्रिया हव्यात आणि एक सभासद बाहेरच्या सामाजिक संस्थेतील हवा. तक्रार साधारणपणे 3 महिन्यांच्या आत करावी लागते आणि चौकशी 90 दिवसांत संपवावी लागते. समिती नेमली नाही तर मालकाला 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ठेक्यावरची कामगार, शिकाऊ मुलगी, प्रशिक्षणार्थी या सर्वांना हा कायदा लागू आहे. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. आपल्या मैत्रिणींनी निदान एवढे तरी तोंडपाठ ठेवावे.

महाराष्ट्राने तर 1971 सालीच अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा स्वतंत्र कायदा केला. गुणवत्ता न पाहता एका गटावर मेहेरनजर करणे, आकसाने बदली करणे, कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षे बदली किंवा हंगामी म्हणून ठेवणे, या गोष्टी त्यात अनुचित ठरवल्या आहेत. परंतु अडखळत बोलणाऱ्याला रोज सर्वांसमक्ष आकडा बोलायला लावणे, हे यांतल्या कुठल्या कलमात बसते? सर्वसाधारण मानहानी आणि छळ यांना कामाच्या जागेपुरते नाव देणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2019 साली जिनिव्हा येथे जो करार स्वीकारला, त्यात कामाच्या जगातील हिंसा आणि छळ यांचा, मग तो प्रकार एकदाच घडो वा पुनःपुन्हा, एकत्रित विचार केला आहे. तेथवर आपल्याला अजून पोचायचे आहे.

मध्यम कारखान्याची अडचण आणखी वेगळी आहे. सरकारदरबारी मध्यम उद्योगाची व्याख्या पैशात होते. 1 एप्रिल 2025 पासून 125 कोटींपर्यंत गुंतवणूक आणि 500 कोटींपर्यंत उलाढाल, अशी ती मर्यादा आहे. आत माणसे किती आणि कशी वागवली जातात, हे त्या व्याख्येत नाही. 1948 च्या कारखाना कायद्याने कामगार कल्याण अधिकारी सांगितला तो 500 कामगारांच्या पुढे. 2020 च्या संहितेने ही मर्यादा 250 वर आणली. दीडशे माणसांचा कारखाना दोन्हींतून निसटतो. कारखाना लहान असेल तर मालक स्वतः लाइनवर फिरतो, त्याला सारे दिसते. फार मोठा असेल तर युनियन असते, लेखी नियम असतात. मधल्या कारखान्यात मालक वरच्या मजल्यावर गेलेला असतो, युनियन आलेली नसते, आणि एच.आर. म्हणून जो बसतो तोच हजेरी, पगार, ठेकेदार आणि तक्रारी सांभाळतो. तक्रार सुपरवायझरविरुद्ध असेल, तर ती फिरून सुपरवायझरकडेच येते.

असे मालक अभिमानाने सांगतात, “आमच्याकडे सगळे एका कुटुंबासारखे आहेत.” असतीलही. पण कुटुंबात सगळ्यांचे बरे चालते की नाही, हे सासऱ्याला विचारून कळत नाही. घरातल्या सुनेला विचारावे लागते.

मग करावे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे उपाय खर्चाचे नाहीत. समितीच्या सभासदांची नावे गेटजवळच्या फळ्यावर, मराठीत आणि हिंदीत, ठेक्याच्या कामगारालाही वाचता येतील अशी लावावीत. 20 किंवा अधिक कामगार असतील तेथे तक्रार निवारण समितीची तरतूद 2010 सालच्या दुरुस्तीने आली आणि 2020 च्या संहितेतही ती आहे. ती समिती कागदावरून उतरून महिन्याला एकदा बसावी. ओव्हरटाइम आणि शिफ्ट मर्जीने न वाटता पाळीने, लिहून वाटावी. उत्तम काम करतो म्हणून एखाद्याला सुपरवायझर करताना, माणसांशी कसे बोलावे हेही त्याला शिकवावे. मशीन शिकवतोच ना? आणि काम सोडून गेलेल्याला एक फोन करून ‘का गेलास?’ एवढे विचारावे. शिकवून तयार केलेली माणसे दर महिन्याला निघून जात असतील, तर त्यात नुकसान मालकाचेही आहेच.

याला दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, कारखाना म्हणजे शिस्त आली, रागावणे आले. मान्य. परंतु रागावणे आणि मानहानी यांत फरक आहे. रागावणे कामाबद्दल असते, सर्वांना एकाच मापाने असते आणि चूक सुधारली की संपते. मानहानी माणसाबद्दल असते, ठराविक माणसाचीच होते आणि त्याने काम कितीही चांगले केले तरी संपत नाही. त्या माणसाच्या पेट्या मी त्या दिवशी मोजल्या होत्या. त्या बरोबर चौऱ्याहत्तर होत्या आणि लाइनवर सर्वांत जास्त होत्या.

दुसरा आक्षेप खोट्या तक्रारींचा. 2013 च्या कायद्यात दुष्ट हेतूने केलेल्या तक्रारीवर कारवाईची तरतूद आहे. मात्र केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, असेही तो स्पष्ट सांगतो. आणि गेटपास ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध गंमत म्हणून कोण तक्रार करील?

शेवटी, कारखान्याकडे बोट दाखवताना उरलेली बोटे कुणाकडे वळतात तेही पाहिले पाहिजे. 1999 साली महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा केला, तो आपल्यासारख्यांसाठीच! नव्या मुलाला टोपणनाव कोण पाडते? एस.टी.च्या मागच्या बाकावर आडनावे कोण विचारते? तोंडी परीक्षेत अडखळलेल्या मुलीची नक्कल स्टाफरूमच्या बाहेर कोण करते? त्या लाइनवर हसणारे आम्ही कुठून तरी शिकूनच आलो होतो. सुपरवायझरही कोणत्या तरी वर्गात कधी काळी बसलाच असेल. गुरुजनांना माझी नम्र विनंती आहे की, अभ्यासक्रमात सामाजिक सुधारणा शिकवताना हा कारखान्याचा धडाही त्यात यावा आणि आपल्या महाविद्यालयातील समितीची नावे नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात कळावीत.

त्या संध्याकाळी मी काय करू शकलो असतो? “थांबा, त्याला बोलू द्या,” एवढे चार शब्द. कदाचित दुसऱ्या दिवशी मला गेटवरून परत पाठवले असते. सुट्टीचे आठ-दहा दिवसांचे पैसे बुडाले असते, एवढेच. त्याचे मात्र काम गेले, आणि ते त्याच्या घराला लागत होते. ती चार शब्दांची बाकी माझ्याकडे आहे. या वर्षी पुन्हा सुट्टीत मी कामाला जाणार आहे.

— तृतीय वर्ष, कला