दुखणं हातात नसतं

‘अंगावरून वारं गेलं’ असं आपल्याकडे म्हणतात आणि लगेच लुळ्या हाताला तेल चोळायला सुरुवात होते. हातात मात्र काहीच बिघडलेलं नसतं. स्नायू शाबूत, हाडं शाबूत. थांबलेला असतो तो मेंदूकडून येणारा हुकूम.

हा हुकूम कॉर्टिकोस्पायनल नावाच्या मज्जामार्गाने मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत येतो. मेंदूच्या प्रत्येक बाजूने सुमारे १० लाख तंतू निघतात आणि खाली येताना एका चिंचोळ्या पट्टीत दाटीवाटीने एकत्र येतात. बोरघाटात एक ट्रक उलटला की सगळी वाहतूक ठप्प होते, तसंच इथंही. वाटाण्याएवढ्या भागाचा रक्तपुरवठा तुटला तरी चेहरा, हात, पाय एकदम जातात. पुढे, मान सुरू होण्याच्या जरा वर, ८० ते ९० टक्के तंतू बाजू बदलतात. म्हणून डाव्या मेंदूतली गुठळी उजवा हात निकामी करते. इटलीच्या मिस्टिकेली यांनी ही अदलाबदल १७०९ मध्येच लिहून ठेवली. तरीही ‘हात गेलाय, मग डोक्याचा स्कॅन कशाला?’ हा प्रश्न नातेवाईक आजही विचारतात.

स्कॅन यासाठी, की गुठळी आहे की रक्तस्राव, हे त्याशिवाय कळत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. लकव्याच्या गावठी औषधासाठी दूरच्या गावी नेण्यात नेमके हेच तास जातात.

मालिशने बरं वाटतं, त्याला हरकत नाही; पण तेलाने हुकूम पोहोचत नाही. शाबूत राहिलेले तंतू नवं काम शिकतात ते रुग्णाने स्वतः हालचालीचा प्रयत्न केला तरच, आणि तोही पुन्हा पुन्हा. बोटांची बारीक हालचाल याच मार्गावर सर्वांत जास्त अवलंबून, त्यामुळे ती बहुधा शेवटी येते. इथेच दोष डॉक्टरांकडे येतो. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी सविस्तर असते आणि खाली एक ओळ, ‘फिजिओथेरपी करावी’. कुठे, कोणाकडे, किती वेळा? रोजंदारी बुडवून, एसटीचं भाडं भरून तालुक्याला रोज कोण येणार?

घरी सोडण्यापूर्वी वॉर्डातच नातेवाइकाला अर्धा तास शिकवलं पाहिजे. लुळा हात धरून रुग्णाला ओढायचं नाही, खांदा निखळतो. घास त्याच हाताने उचलायला लावायचा, सांडला तरी चालेल. बोटं थोडी हलू लागली की पुढ्यात तांदळाचं ताट ठेवायचं आणि खडे वेचायला सांगायचे.