मधमाशी पिकाची वैरीण नव्हे

संपादक महोदयांस,


मधमाश्या फुलांतील रस शोषून पिकाची हानी करतात, सबब शिवारातील मोहोळे जाळून टाकावीत, अशी जी शिफारस गतांकातील एका पत्रलेखकांनी केली आहे, तिचा प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटते. मकरंद हा फुलाने कीटकांस आकृष्ट करण्यासाठीच स्रवलेला असतो. तो नेल्याने बीजधारणेस बाध येत नाही. कांद्याच्या बियाण्याचेच पाहावे: एकाच फुलातील पुंकेसर आधी पक्व होऊन पराग झडू लागतात व स्त्रीकेसर मागाहून ग्रहणक्षम होतो, त्यामुळे अन्य फुलाचे पराग आणून देणारा कोणी नसेल, तर गोंडा डौलदार दिसूनही बी बेताचेच धरते. हे दळणवळण आपली सातेरी माशी अंगावरील केसांना चिकटलेल्या परागांनी घडवून आणते. आणि फुलोरा गवसताच पोळ्याच्या उभ्या पृष्ठभागावर नाचून, सूर्याच्या अनुरोधाने त्याची दिशा आपल्या भगिनींस कळविते, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी सप्रयोग सिद्ध केले आहे. आग्या माशीचा दंश प्रसंगी जीवघेणा ठरतो, हे म्हणणे रास्तच आहे. परंतु त्यापायी सौम्य स्वभावाच्या सातेरीस शिक्षा देणे न्याय्य नव्हे. बहरातील पिकावर भर दिवसा विषारी औषधे फवारू नयेत आणि मध काढताना पिलाव्याचा भाग शाबूत राखावा, एवढे पथ्य शेतकरी बंधूंनी पाळावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक बागाईतदार