शाळेतील बुलिंग आणि बघ्यांची जबाबदारी

अमेरिकेतील शाळांत शिकणाऱ्या मराठी मुलांच्या घरी बुलिंगचा विषय निघतो तेव्हा चर्चा बहुधा दोनच मुलांभोवती फिरते: एक त्रास देणारा आणि दुसरा त्रास सोसणारा. पहिल्याला शिक्षा व्हावी आणि दुसऱ्याने खंबीर व्हावे, एवढ्यावर घरातले आणि पुष्कळदा शाळेतलेही बोलणे संपते. गेल्या पन्नास वर्षांत या विषयाचा जो अभ्यास झाला आहे त्याच्या कसोटीवर ही मांडणी अपुरी ठरते, कारण एखाद्या मुलाचा छळ महिनोन्‌महिने चालू राहतो तो मुख्यतः भोवतालच्या मुलांच्या हसण्याच्या आणि गप्प बसण्याच्या आधारावर. म्हणून कुटुंबाची तक्रार, शाळेची चौकशी आणि तिथल्या मराठी मंडळांसारख्या संस्थांचे प्रयत्न या तिहींचा रोख या बघ्यांकडे वळला पाहिजे, आणि त्या बघ्यांत मराठी घरांतील मुलेही असतात हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

या अभ्यासाचा पाया स्वीडनमध्ये जन्मलेले आणि पुढे नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी 1970 च्या दशकात घातला. त्यांच्या व्याख्येनुसार बुलिंगला तीन खुणा असतात: इजा करण्याचा हेतू, त्या वागण्याची पुनरावृत्ती आणि दोन्ही बाजूंच्या बळातील तफावत. ही तफावत केवळ शरीराची नसते. वर्गातील वजन, मित्रांची संख्या, भाषेवरील पकड, फोनमध्ये जपून ठेवलेला एखादा फोटो यांतूनही ती निर्माण होते. बरोबरीच्या दोन मुलांमधले भांडण कितीही कडाक्याचे असले तरी ते बुलिंग नव्हे, आणि वरवर किरकोळ वाटणारी थट्टा बळ नसलेल्या मुलाच्या वाट्याला रोज येत असेल तर ते बुलिंगच होय. उत्तर नॉर्वेतील तीन मुलांच्या आत्महत्यांनंतर 1983 मध्ये त्या देशात राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, आणि बर्गन शहरातील 42 शाळांच्या सुमारे 2,500 विद्यार्थ्यांच्या पाहणीत दोन वर्षांत छळाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आल्याचे ओल्वेयस यांनी नोंदवले. मोठी माणसे लक्ष घालतात तेव्हा फरक पडतो, हे त्यातून प्रथमच आकड्यांनिशी पुढे आले.

बघ्यांचे महत्त्व त्यानंतरच्या संशोधनाने उलगडले. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाच्या ख्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये वर्गातील मुलांच्या भूमिका वेगवेगळ्या करून दाखवल्या: छळ करणारा, त्याला हातभार लावणारे, हसून त्याला चढवणारे, अंग काढून घेणारे, छळ सोसणाऱ्याची बाजू घेणारे आणि तो स्वतः. कॅनडातील डेब्रा पेपलर, वेंडी क्रेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेच्या मैदानावरील प्रसंगांचे ध्वनिचित्रमुद्रण करून 2001 मध्ये जे निष्कर्ष मांडले ते अधिक बोलके आहेत. दर दहापैकी जवळजवळ नऊ प्रसंगांत इतर मुले हजर होती, मध्ये पडली ती पाचातल्या जेमतेम एका प्रसंगात. पण ज्या वेळी कोणी मध्ये पडले त्यांपैकी निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. अर्थात छळ करणाऱ्याला हवी असते ती चारचौघांतली प्रतिष्ठा, आणि ती देणे वा नाकारणे बघ्यांच्या हाती असते.

न्यू जर्सीच्या मध्य भागात, जिथे काही शाळांत भारतीय वंशाच्या मुलांची संख्या मोठी आहे, तिथे हे चित्र जवळून पाहता येते. पुण्याहून किंवा नाशिकहून सहावीच्या वर्गात नव्याने दाखल झालेल्या मुलाला पहिला धक्का पुष्कळदा जेवणाच्या सुट्टीत बसतो. तो डबा घेऊन टेबलापाशी जातो तेव्हा रिकाम्या खुर्चीवर कोणीतरी दप्तर ठेवते आणि जागा धरलेली असल्याचे सांगते. पुढच्या टेबलावरही तेच घडते. त्याच्या उच्चारांची नक्कल होते, त्याला ‘फॉब’, म्हणजे नुकताच बोटीतून उतरलेला, असे हिणवले जाते, आणि हा शब्द वापरणारी मुले अनेकदा इथेच जन्मलेल्या भारतीय घरांतील असतात. त्यांना स्वतःचे अमेरिकनपण सिद्ध करायचे असते आणि नवागतापासून अंतर राखणे हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. काही दिवसांनी मुलगा सुट्टीत ग्रंथालयात जाऊन बसू लागतो आणि पोळी-भाजीचा डबा तसाच घरी परत येतो. आईला वाटते की त्याची भूक मंदावली आहे किंवा त्याला आता घरचे जेवण आवडेनासे झाले आहे. या सगळ्यात मारहाण कुठेच नाही, शाळेच्या नोंदीत येईल असे काही घडलेले नाही, आणि तरीही ओल्वेयस यांच्या तिन्ही खुणा तिथे स्पष्ट दिसतात.

अशा वेळी मराठी कुटुंबांचा प्रतिसाद साधारणपणे दोन प्रकारचा असतो. पहिला उपदेश दुर्लक्ष करण्याचा आणि अभ्यासात पुढे जाऊन उत्तर देण्याचा, तर दुसरा त्यालाही दोन ठेवून देण्याचा. पहिल्या उपदेशात मुलाचे दुःख हे त्याच्या मनाच्या कमकुवतपणाचे लक्षण मानले जाते, त्यामुळे तो पुढच्या वेळी घरी काही सांगतच नाही. दुसऱ्यात बळाची तफावत विसरली जाते आणि हात उगारणारा मुलगाच शाळेच्या शिस्तीच्या कारवाईत सापडतो. दोन्ही उपदेशांत मूल एकटे राहते, आणि एकटे पडणे हेच तर छळाचे मूळ स्वरूप असते. या प्रतिसादांमागे पालकांचा स्वतःचा अनुभव आहे. महाराष्ट्रात 1999 मध्ये रॅगिंगविरोधी कायदा झाला, पण रॅगिंग म्हटले की डोळ्यांपुढे येते ते महाविद्यालय आणि वसतिगृह. शाळेतील चिडवाचिडवी लेखी तक्रारीचा विषय होऊ शकते ही कल्पना त्या पिढीच्या शालेय आठवणींत नाही. शिवाय तक्रार केली तर व्हिसा किंवा ग्रीन कार्डच्या अर्जाला बाधा येईल अशी भीतीही काही घरांत असते. ती निराधार आहे, कारण शाळेकडे केलेल्या तक्रारीचा पालकांच्या व्हिसाशी किंवा त्यांच्या अर्जाशी काहीही संबंध नसतो.

न्यू जर्सीत या बाबतीत पालकांच्या हाती ठोस साधन आहे. तेथील अँटी-बुलिंग बिल ऑफ राइट्स अ‍ॅक्टवर जानेवारी 2011 मध्ये राज्यपालांची सही झाली आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरपासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. या कायद्यानुसार प्रत्येक शाळेत अँटी-बुलिंग स्पेशालिस्ट, म्हणजे या तक्रारींची चौकशी करणारा कर्मचारी, नेमावा लागतो. प्रकार कळल्यावर शिक्षकाने त्याच दिवशी मुख्याध्यापकांना तोंडी आणि शाळेच्या दोन दिवसांत लेखी कळवावे लागते. चौकशी शाळेच्या एका दिवसाच्या आत सुरू करून लेखी तक्रारीपासून शाळेच्या दहा दिवसांत पूर्ण करावी लागते. निष्कर्ष न पटल्यास पालकांना बोर्ड ऑफ एज्युकेशनपुढे सुनावणी मागता येते आणि बोर्डाच्या निर्णयाविरुद्ध राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे दाद मागता येते. ओल्वेयस यांच्या व्याख्येपेक्षा हा कायदा एका बाबतीत व्यापक आहे, कारण त्यात एकच प्रसंगही पुरेसा ठरू शकतो. मात्र त्या वागण्यामागे वंश, धर्म, मूळ देश, अपंगत्व किंवा तत्सम एखादे वेगळेपण कारणीभूत असल्याचे वाजवीपणे दिसावे लागते. म्हणून तक्रारीत केवळ ‘मुलाला त्रास देतात’ असे मोघम न लिहिता तारीख, ठिकाण, उच्चारलेले नेमके शब्द आणि त्या वेळी हजर असलेल्यांची नावे द्यावीत, आणि मोबाइलवरील संदेश असतील तर त्यांची प्रत जोडावी. हजर असलेल्यांची नावे दिल्याने चौकशीला साक्षी मिळतात आणि शाळेचे लक्ष आपोआप बघ्यांकडे जाते.

तरीही कायद्याची मर्यादा ओळखली पाहिजे. चौकशीतून फार तर एवढे ठरते की घडलेला प्रकार व्याख्येत बसतो की नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलाशेजारी कोण बसणार, हे त्यातून ठरत नाही. निव्वळ कडक शिक्षेनेही ते साधत नाही. कोणत्याही गैरवर्तनाला ठरावीक कठोर शिक्षा देणाऱ्या ‘झिरो टॉलरन्स’ धोरणांचा आढावा घेऊन अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने 2008 मध्ये असे म्हटले की त्यांनी शाळा अधिक सुरक्षित झाल्याचे दिसत नाही. दोन्ही मुलांना समोरासमोर बसवून समेट घडवण्याची रीतही धोक्याची आहे, कारण समेट बरोबरीच्यांत होतो. बळाची तफावत असेल तिथे सोसणाऱ्यालाच पुन्हा मान तुकवावी लागते.

याहून अधिक आशादायक वाट फिनलंडने दाखवली. साल्मिवाल्ली यांच्या संशोधनावर उभा राहिलेला आणि 2009 पासून देशभर राबवला गेलेला ‘किवा’ हा कार्यक्रम दोन पातळ्यांवर चालतो. सर्व मुलांना वर्षभर धड्यांतून आणि खेळांतून बघ्याची भूमिका समजावली जाते. प्रत्यक्ष प्रकरण उद्भवले की शिक्षकांचा एक गट छळ सोसणाऱ्या आणि करणाऱ्या मुलांशी वेगवेगळे बोलतो, ठरलेल्या मुदतीनंतर पुन्हा भेटून बदल झाला का ते तपासतो, आणि वर्गात वजन असलेल्या काही सहृदय मुलांना त्या एकट्या पडलेल्या मुलाची सोबत करण्यास सांगतो. अशा कार्यक्रमांनी प्रश्न समूळ नाहीसा होत नाही. जगभरातील अभ्यासांचा 2019 मध्ये एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा छळ करण्याच्या प्रमाणात सरासरी एक पंचमांशाच्या आसपास आणि तो सोसावा लागण्याच्या प्रमाणात त्याहून थोडी कमी घट दिसली. ही घट अपुरी वाटली तरी मोठ्या शाळेत तिचा अर्थ कित्येक मुले पुन्हा निर्धास्तपणे शाळेत जाऊ लागणे असा होतो.

पालकांनी शाळेकडे मागायचे ते हेच: शिक्षेचा तपशील कमी आणि सोबतीची व्यवस्था अधिक. जेवणाच्या सुट्टीत आणि बसमध्ये मुलाजवळ कोण असेल, देखरेख कोणाची असेल आणि पुढची भेट कोणत्या दिवशी होईल, हे लेखी मागून घ्यावे. घरात मुलाला सहसा विचारला जातो तो प्रश्न म्हणजे त्याला कोणी त्रास देते का. त्याच्या जोडीला, वर्गात एकटे कोण बसते आणि त्याच्याशी कोण बोलते, हाही प्रश्न नियमित विचारला गेला पाहिजे. स्वतःच्या मुलाविरुद्ध तक्रार आली तर वकिली करण्यापूर्वी त्याचे सगळे ऐकून घ्यावे, आणि दोष त्याचा असेल तर तसे त्याला स्पष्ट सांगावे.

मंडळांचे काम इथे सुरू होते. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांची मध्यवर्ती संस्था असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाशी संलग्न मराठी शाळांत इथे जन्मलेली आणि भारतातून नुकतीच आलेली मुले दर आठवड्याला एकाच बाकावर बसतात, आणि तिथे नव्या मुलाची मराठी सर्वांत सफाईदार असते. आठवडाभर ज्याच्या उच्चारांची नक्कल होते तो इथे इतरांना शिकवू शकतो. शिक्षकांनी ही संधी जाणीवपूर्वक वापरली आणि नव्या मुलाची एखाद्या जुन्या मुलाशी वर्षभरासाठी जोडी लावून दिली, तर सोमवारी मोठ्या शाळेच्या जेवणघरात त्याला ओळखणारे निदान एक मूल असेल. मंडळाने वर्षारंभी पालकांसाठी तक्रारीच्या प्रक्रियेची माहिती देणारी बैठक घ्यावी आणि नव्या कुटुंबाबरोबर शाळेच्या बैठकीला जाण्यास तयार असलेल्या जुन्या पालकांची यादी ठेवावी. परदेशात मराठी माणसांनी मंडळे उभारली ती नवख्या माणसाला एकटे वाटू नये म्हणूनच; तोच आधार मुलांनाही मिळायला हवा, आणि तो देण्याची सवय मंडळातल्या मुलांना लावणे हे मोठ्यांचे कर्तव्य आहे.