नुसती खुर्ची

बाबा टोकियोला आले होते तेव्हा त्यांना फुकुओकाला नेलं. एरवी शिन्कान्सेननेच गेलो असतो, पण पाच तास एका जागी बसणं त्यांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. म्हणून हानेदाहून विमान, आणि तेही जपान एअरलाइन्सच्या 'क्लास जे'ने.

हा प्रकार मला मनापासून आवडतो. 2004 साली सुरू झाला तेव्हा साध्या तिकिटावर हजार येन जास्त, बस्स! (आता मार्गाप्रमाणे जास्तही पडतात.) त्या पैशात मिळते ती खुर्ची. ए350 मध्ये मागे एका रांगेत 3-3-3 माणसं, इथे 2-4-2. पाय लांब करता येतात. जेवण नाही, शॅम्पेन नाही.

आपल्याकडे वरचा वर्ग म्हणजे मोठेपणा विकत घेणं. तिकीट कैक पट, गरम रुमाल, काचेचा ग्लास... ऑफिसच्या पैशाने मीही मिरवलंय, खोटं कशाला बोलू! पण ज्याचे गुडघे दुखतात त्याला नुसती जागा हवी असते हो. 2015 मध्ये विस्ताराने मधला वर्ग आणला, 2024 मध्ये ती एअर इंडियात विलीन झाली, तिथेही तो आहे. पण त्यातही जेवण, आधी बोर्डिंग वगैरे गाठोडं बांधलेलंच. सुटी खुर्ची कोणी विकेल का?

असो. बसल्या बसल्या बाबांनी विचारलंच, "किती जास्त दिलेस?" मी येन सांगितले, त्यांनी मनातल्या मनात रुपये केले. "महाग आहे," म्हणाले.

परतीच्या दिवशी सकाळी चहा पिताना हळूच, "जातानाही तीच खुर्ची आहे ना रे?"