सुटकेनंतरचे पंधरा दिवस

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

मी मुंबईतल्या ठाकूरद्वारचा रहिवासी. आमच्याकडे फुटपाथवर कुणी गर्दुल्ला निपचित दिसला की लोक वळसा घालून जातात. नशेत असेल, उठेल. पण कधीकधी तो मरत असतो. ब्राउन शुगरचा, म्हणजे गर्दचा, डोस जास्त झाला की श्वास मंदावतो, ओठ निळे पडतात. तेव्हा नालॉक्सोन टोचले तर काही मिनिटांत श्वास परत येतो. हे औषध प्रसंगी जवळ असणाऱ्या मित्रांच्या, घरच्यांच्या हाती द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना २०१४ पासून सांगते आहे.

अनिल अवचटांची गर्दवरची लेखमाला वाचून पु. ल. देशपांडे यांनी देणगी दिली आणि १९८६ मध्ये येरवड्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. वाचलेल्यावर कृती करण्याची ही आपल्याच राज्यातली रीत आहे.

आज वाचण्यासारखे बरेच आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये आला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका इतर नागरिकांच्या १२९ पट होता. कारण साधे आहे. नशा थांबली की शरीराची सवय मोडते, आणि माणूस बाहेर येऊन जुनाच डोस घेतो. नुसते ‘स्वच्छ’ करून सोडलेल्या रुग्णाचेही हेच होते. अमेरिकेतल्याच ऱ्होड आयलंड राज्याच्या तुरुंगांनी नशेची ओढ शमवणारी मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे सुरू केली, तेव्हा सुटकेनंतरचे असे मृत्यू ६१ टक्क्यांनी घटले.

ब्युप्रेनॉर्फिन आपल्याकडेही आहे. पण राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची (नॅको) सोय एचआयव्ही रोखण्यासाठी, सुई टोचणाऱ्यांकरता उभी राहिली. पन्नीवर गर्द ओढणारा बहुतेक तिच्या बाहेरच. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात अफूजन्य पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक आहेत. त्यांना वर्षानुवर्षे औषध लागले तरी तो उपचारच आहे, मधुमेह्याच्या इन्सुलिनसारखा. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ हे बोलणे मला क्रूर वाटते.

अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ नुसार सेवनही गुन्हा, त्यामुळे कुणाला ओव्हरडोस झाला तर सोबतचा मित्र १०८ या रुग्णवाहिका सेवेला फोन करण्याऐवजी पळ काढतो.

म्हणून विनंती: आर्थर रोड तुरुंगातल्या कैद्याला आतच ब्युप्रेनॉर्फिन सुरू व्हावे आणि सुटताना सरकारी दवाखान्यातली पुढची तारीख त्याच्या हाती असावी. १०८च्या प्रत्येक गाडीत आणि वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांच्या पिशवीत नालॉक्सोन असावे. मदतीसाठी फोन करणाऱ्यावर गुन्हा नोंदवू नये, यासाठी आपण गृहखात्याशी बोलावे. विधिमंडळाच्या या अधिवेशनात एवढे जाहीर करा.

आपला,
ठाकूरद्वारचा एक नागरिक