अ‍ॅटलासची वाट आणि घरचे नियम



बुलढाण्याच्या डोंगरमाथ्यावर आयुष्य काढलेल्या आम्हा उभयतांना चिरंजीवांनी मोरोक्कोतील अ‍ॅटलास पर्वत दाखवण्याचे ठरविले. सौभाग्यवतींची अट एकच : कंदमूळत्याग आणि चौविहार मोडणार नाही. बँकेतील सवयीने मी कागद-पेन्सिल घेतली.

हंगाम : तेथील तुबकाल शिखर ४१६७ मीटर उंच; हिवाळ्यात बर्फ. सप्टेंबर-ऑक्टोबर सोयीचे, परंतु तो आपला चातुर्मास. म्हणून एप्रिलअखेर निश्चित केली.

चलन : तेथील दिरहम आपल्याकडे सहज मिळत नाही. युरो न्यावेत, तेथे बदलावेत, पावत्या जपाव्यात.

आहार : मातीच्या भांड्यात मंद शिजणाऱ्या ‘ताजीन’मध्ये कांदा, बटाटा, गाजर बहुधा असते. यजमानांना आधी कळवावे. खाकरा, ठेपले सोबत ठेवावेत. खजूर, बदाम तेथे मुबलक.

विमा : सप्टेंबर २०२३ मध्ये याच भागात भूकंपाने सुमारे तीन हजार जीव घेतले. पॉलिसीतील अपवाद वाचूनच सही करावी.

शिखर चढणारे पहाटेच्या अंधारातच खाऊन निघतात. तेथे आमचा हिशेब अडला. अखेर पायथ्याच्या इमलील गावापर्यंतच जाण्याचे ठरले. सौभाग्यवती म्हणाल्या, “डोंगर खालूनही दिसतोच की!”