‘केवळ प्रेरक’ : व्याख्येला सत्य समजण्याचा इतिहास

१/ मोटर न्यूरॉन आजाराचा लोकप्रिय इतिहास साधारणपणे एकाच वाक्यात उरकला जातो : पॅरिसच्या शार्को यांनी असा रोग शोधला, जो हालचालीच्या चेतापेशी नष्ट करतो, पण संवेदनेला स्पर्शही करत नाही. स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे हा आजार सर्वांच्या परिचयाचा आहे, त्यामुळे हे वाक्यही सर्वतोमुखी झाले आहे. माझा आक्षेप त्याच्या उत्तरार्धाला आहे.

२/ आरंभ शार्को यांच्यापूर्वी होतो. चार्ल्स बेल यांची १८११ ची पुस्तिका आणि फ्रान्स्वा मजांदी यांचे १८२२ चे प्रयोग यांतून मज्जारज्जूच्या पुढच्या मुळांकडे हालचाल आणि मागच्या मुळांकडे संवेदना, अशी विभागणी सिद्ध झाली. श्रेय कोणाचे, यावरून दोघांचे समर्थक दीर्घकाळ भांडले. विभागणी मात्र सर्वमान्य झाली.

३/ या चौकटीतूनच पुढचे सारे पाहिले गेले. १८५० मध्ये आराँ यांनी स्नायू झिजत जाणाऱ्या ११ रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली आणि दोष स्नायूंनाच दिला. १८५३ मध्ये क्रूव्हेइए यांनी शवविच्छेदनातून पुढची मुळे झिजल्याचे दाखवले. १८६९ मध्ये शार्को व जोफ्रॉय यांनी मज्जारज्जूतील विकृती मांडली आणि १८७४ मध्ये शार्को यांनी रोगाला आजचे नाव दिले.

४/ शार्को यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. साल्पेत्रिएर रुग्णालयात रुग्णाची जिवंतपणीची लक्षणे आणि मृत्यूनंतरची विकृती यांची सांगड घालून त्यांनी विखुरलेल्या लक्षणांतून एक रोग वेगळा काढला. परंतु ‘या रोगात प्रामुख्याने काय बिघडते’ याचे उत्तर ‘बाकी काहीच बिघडत नाही’ या विधानाचा पुरावा ठरत नाही.

५/ नंतरच्या काळात वर्णनाचे निकषात रूपांतर झाले. १९९० मध्ये स्पेनमधील एल एस्कोरियाल येथे ठरलेले आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेले निदानाचे निकष संवेदनेतील बिघाडाला या रोगाशी विसंगत लक्षण मानतात.

६/ येथे तर्काचे चक्र पूर्ण होते. संवेदना बिघडलेला रुग्ण निकषात बसत नाही. निकषात बसलेल्यांची संवेदना शाबूत आढळते. म्हणून रोग संवेदनेला शिवत नाही! चाळणीने खडे काढून टाकायचे आणि मग धान्यात खडे नव्हतेच असे सांगायचे, त्यातला हा प्रकार.

७/ वास्तविक, पुरावा निकषांच्याही आधीचा आहे. १९७५ मध्ये मेयो क्लिनिकच्या डिक व सहकाऱ्यांनी रुग्णांच्या पायांतील चेतांची सूक्ष्म मोजणी केली, तेव्हा संवेदी तंतूंमध्येही ऱ्हास आढळला. १९६८ मध्ये केनेडी व सहकाऱ्यांनी वर्णिलेला आनुवंशिक आजार याच कुळातला; त्यात संवेदी चेतांच्या विद्युत्-चाचण्या अनेकदा क्षीण येतात, रुग्णाला फारसे जाणवत नसले तरी.

८/ प्रतिवाद ठाऊक आहे : निकष नसते तर उपचार होऊ शकणारे, वरवर सारखे दिसणारे चेताविकार नजरेतून निसटले असते. हे मान्य. ठळक बधिरता दिसताच वैद्याने दुसरे कारण शोधलेच पाहिजे. शिवाय या रोगात संवेदनेचा ऱ्हास बहुधा सौम्य असतो, मुख्य आघात हालचालीवरच होतो. पण सावधगिरीचा नियम वेगळा आणि निसर्गाचा नियम वेगळा.

९/ बुद्धीबाबतही हेच घडले. मन अबाधित राहते, असे दीर्घकाळ सांगितले गेले. २००६ मध्ये टीडीपी-४३ हे प्रथिन या रोगात आणि एका प्रकारच्या स्मृतिभ्रंशातही साचलेले आढळले. २०११ मध्ये दोन्हींना जोडणारा एक जनुकीय दोष सापडला. एकाच शतकाच्या आरंभी ‘केवळ’ या शब्दाला असा दुसरा तडा गेला.

१०/ चेतावैद्य आज या रोगाला अनेक संस्थांचा रोग म्हणू लागले आहेत. इतिहास सांगणारे आपण मात्र १८७४ मध्येच थांबलो आहोत. याची किंमत रुग्ण मोजतो : ‘हातापायांना मुंग्या येतात’ हे त्याचे म्हणणे ‘या आजारात तसे होत नाही’ म्हणून बाजूला सारले जाऊ शकते. आपण कागदपत्रे वाचताना ती कोणी, कोणत्या हेतूने निवडून ठेवली हे विचारतो. रुग्णांच्या नोंदी हेही दफ्तरच आहे. पुढच्या वेळी ‘केवळ’ हा शब्द लिहिताना त्या दफ्तरातून कोणाला वगळले होते, हे आधी विचारा.

(समाप्त. मतभेद असल्यास पुराव्यासह मांडा, स्वागत आहे.)